गर्भाशयावरचा आळ

१८८९ मध्ये इजिप्तमधल्या लाहूनजवळच्या उत्खननात पुरातत्त्वज्ञ फ्लिंडर्स पेट्री यांना पपायरसचे काही फाटके तुकडे मिळाले. ते जोडून वाचल्यावर कळलं की हा सुमारे अडतीसशे वर्षांपूर्वीचा, स्त्रियांच्या दुखण्यांवरचा वैद्यकग्रंथ आहे. या विषयावरचं याहून जुनं लिखाण आज आपल्या हाती नाही. त्यातली पहिलीच रुग्ण सांगते की डोळे इतके दुखतात की दिसेनासं झालंय, आणि मानही दुखते. वैद्याचं निदान असं की हा गर्भाशयाचा स्राव तिच्या डोळ्यांत आला आहे. उपाय म्हणून धुरी द्यायची आणि गाढवाचं ताजं काळीज खायला घालायचं. पुढच्या नोंदींत कुणाचे दात आणि हिरड्या दुखतात, कुणाचे पाय ठणकतात. कारण बहुतेक वेळा एकच, गर्भाशय.

बाईचं काहीही दुखलं की त्याचा आळ गर्भाशयावर घ्यायचा, ही वैद्यकातली सवय इथून लेखी सापडायला लागते. ती भाषा बदलत, धर्म बदलत, देश ओलांडत चालत राहिली. आज बीड जिल्ह्यातल्या एखाद्या ऊसतोड कामगार बाईच्या दवाखान्याच्या कागदावर ‘हिस्टरेक्टमी’ असं लिहिलेलं असतं. बाई स्वतः म्हणते, ‘पिशवी काढली.’ त्या कागदावरच्या शब्दाच्या पोटात हा सगळा इतिहास आहे.

‘हिस्टेरा’ हा ग्रीकांचा गर्भाशयासाठीचा शब्द आणि ‘एक्टोमी’ म्हणजे कापून काढणं. भाषाशास्त्रज्ञ या ‘हिस्टेरा’चं नातं संस्कृतातल्या ‘उत्तर’शी जोडतात, म्हणजे नंतरचा, पलीकडचा भाग. शरीररचनेच्या पुस्तकात मात्र या अवयवाचं नाव ग्रीक नाही, लॅटिन आहे: युटेरस. त्याचा धागा बहुतेक अभ्यासक आपल्या ‘उदरा’पर्यंत नेतात. अवयवाला लॅटिन नाव आणि शस्त्रक्रियेला व आजाराला ग्रीक नाव, अशी वाटणी वैद्यकात पुष्कळ ठिकाणी दिसते. इथे ती ठळकपणे दिसते, कारण ग्रीक नावाबरोबर ग्रीकांची एक कल्पनाही आली.

इसवी सनापूर्वी पाचव्या-चौथ्या शतकात हिपॉक्रॅटिसच्या परंपरेतल्या वैद्यांनी स्त्रीरोगांवर विपुल लिहिलं. त्यांच्या मते गर्भाशय एका जागी राहत नाही. ते कोरडं आणि हलकं पडलं की ओलाव्याच्या शोधात वर सरकतं, यकृताला जाऊन भिडतं, श्वास कोंडतं. अशा वेळी बाईची वाचा बसते, डोळे फिरतात, दात आवळले जातात. उपचार असा की नाकाशी दुर्गंधी धरायची आणि खालून सुवासिक धुरी द्यायची, म्हणजे वरच्या घाणीला भिऊन आणि खालच्या सुगंधाला भुलून गर्भाशय जागेवर येईल. प्लेटोनं ‘टिमाइअस’ या संवादात गर्भाशयाला मुलासाठी आसुसलेला, फार काळ रिकामा राहिला की अंगभर भटकणारा प्राणीच म्हटलं. नंतरच्या काळातल्या अ‍ॅरेटिअस या वैद्यानं तर प्राण्याच्या आत राहणारा दुसरा प्राणी, अशीच त्याची व्याख्या केली.

हिपॉक्रॅटिक वैद्यांच्या स्त्रीरोगांवरच्या ग्रंथात एक जागा आहे, ती मला फार महत्त्वाची वाटते. गर्भाशय केव्हा उलटतं हे सांगताना लेखक म्हणतो की बाईच्या पोटात पुरेसं नसताना तिनं नेहमीपेक्षा जास्त कष्ट केले तर कष्टानं गर्भाशय तापतं, रिकामं आणि हलकं असल्यानं ते फिरतं. म्हणजे उपाशी पोटी राबणारी बाई त्या वैद्याला दिसली होती. तिची उपासमार दिसली, तिचे कष्ट दिसले. तरी निदान लिहिताना दोष गेला तो गर्भाशयाकडेच, आणि उपचारात ना अन्न आलं ना विश्रांती. धुरी आली, आणि लग्न करून गरोदर राहण्याचा सल्ला आला.

या कल्पनेला विरोध झालाच नाही असं नाही. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियात हिरॉफिलस या वैद्यानं मानवी प्रेतांचं विच्छेदन केलं. गर्भाशय बंधांनी जखडलेलं असतं हे अशा विच्छेदनांतून वैद्यांना कळत गेलं. त्या ज्ञानाच्या आधारावर इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीला इफिससचा सोरेनस हा वैद्य ठामपणे सांगतो की गर्भाशय काही गुहेतून बाहेर पडणारं जनावर नव्हे. बाईला त्रास होतो तो सूज आल्यामुळे. दुर्गंधीचे उपचार त्यानं मोडीत काढले. बाईला उबदार, उजेडाच्या खोलीत निजवा, हळुवार चोळा, शेक द्या, असं तो सांगतो. सगळ्या प्राचीन वैद्यांत रुग्ण बाईच्या बाजूनं इतक्या जवळून पाहणारा दुसरा माणूस मला सापडत नाही. सडलेला, बाहेर आलेला गर्भाशयाचा भाग कापून काढता येतो, अशी फार जुनी नोंदही त्याच्याच ग्रंथात आहे.

पण पुढच्या दीड हजार वर्षांवर हुकमत चालली ती सोरेनसची नव्हे, गेलन या वैद्याची. गेलननं माणसांची प्रेतं चिरली नाहीत, माकडं आणि इतर जनावरं चिरली. गर्भाशय भटकत नाही हे त्यालाही मान्य होतं, पण बाईच्या झटक्यांचं आणि घुसमटीचं मूळ गर्भाशयातच साचलेल्या विटाळात आणि बीजात आहे असं त्यानं ठरवलं. प्राणी गेला, आळ राहिला. गेलनचं वैद्यक बगदादमध्ये अरबीत उतरलं, अकराव्या शतकात इब्न सीनाच्या ‘कानून’ या वैद्यकग्रंथात नीट मांडलं गेलं आणि बाराव्या शतकात स्पेनमधल्या टोलेडोत जेरार्ड ऑफ क्रेमोनानं ‘कानून’ लॅटिनमध्ये नेला. गर्भाशयाची घुसमट हा आजार अशा रीतीनं ग्रीकमधून अरबीत, अरबीतून लॅटिनमध्ये आणि तिथून युरोपच्या बोलीभाषांमध्ये गेला. इंग्लंडमध्ये त्याला ‘मदर’ असंच म्हणत, कारण मध्ययुगीन लॅटिनमध्ये गर्भाशयाला आईवरून आलेला ‘मेट्रिक्स’ हा शब्द चालत असे.

एका प्रसंगी या निदानानं दयेचं काम करायचा प्रयत्नही केला. १६०२ मध्ये लंडनमध्ये मेरी ग्लोव्हर या चौदा वर्षांच्या मुलीला झटके येऊ लागले आणि एलिझाबेथ जॅक्सन या म्हाताऱ्या बाईवर चेटूक केल्याचा खटला भरला गेला. एडवर्ड जॉर्डन या डॉक्टरनं न्यायालयात सांगितलं की हे चेटूक नाही, ‘मदर’ नावाचा आजार आहे. न्यायालयानं ऐकलं नाही, जॅक्सनला शिक्षा झाली. जॉर्डननं पुढच्याच वर्षी त्यावर पुस्तक लिहिलं. चेटकिणीवरचा आरोप मागे घ्यायलासुद्धा त्या काळी आरोपीच्या पिंजऱ्यात गर्भाशयालाच उभं करावं लागलं.

दरम्यान डोळ्यांनी पाहून लिहिणाऱ्यांचं युग सुरू झालं होतं. १५४३ मध्ये बासेलला छापलेल्या आंद्रेआस व्हेसॅलिअसच्या थोर ग्रंथाच्या मुखपृष्ठावर भरगच्च सभागृहात एका बाईचं पोट उघडलेलं दाखवलं आहे. मध्ययुगात गर्भाशयाला सात कप्पे असतात अशी समजूत होती. ती या पिढीनं मोडली. १५६१ मध्ये गॅब्रिएले फॅलोपिओनं गर्भाशयाच्या दोन बाजूंच्या नळ्यांचं वर्णन केलं आणि त्यांना तुतारीची उपमा दिली. आज कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियेत ज्या नळ्या बांधतात त्या ह्याच. १६७२ मध्ये डेल्फ्टच्या रेनिअर द ग्राफनं बीजकोशांवर लिहिलं. शेवटी १८९५ मध्ये पुन्हा बासेलमध्येच शरीररचनाशास्त्रज्ञ जमले. तोवर शरीराच्या भागांसाठी पन्नास हजारांच्या आसपास नावं वापरात होती. ती छाटून सुमारे पाच हजारांवर आणली गेली. सगळ्या जुन्या नावांतून ‘युटेरस’ टिकला. अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयात पहिल्या वर्षाला आलेला विद्यार्थी आज तीच लॅटिन नामावली पाठ करतो.

मराठी मुलखात हे ज्ञान तीन वाटांनी आलं. एक वाट इथलीच, जुनी. सुश्रुताच्या शारीरस्थानात गर्भाशयाचं वर्णन रोहित माशाच्या तोंडासारखं असं केलं आहे. योनी शंखाच्या नाभीसारखी, तिला तीन आवर्त, आणि तिसऱ्या आवर्तात गर्भशय्या. प्रेत मुंज गवतात गुंडाळून पिंजऱ्यात घालून नदीच्या पाण्यात सात रात्री ठेवायचं आणि मग वाळ्याच्या कुंचल्यानं हलके घासत एकेक थर पाहायचा, ही त्याची रीत. चरकानं स्त्रियांचे वीस योनिव्यापद सांगितले आणि त्यांचं मूळ मुख्यतः वातात शोधलं. चुका याही परंपरेत आहेत, पण ग्रीकांसारखा अंगभर हिंडणारा प्राणी इथे नाही. १८८६ मध्ये फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात आनंदीबाई जोशींनी पदवीसाठी प्रबंध लिहिला तो हिंदूंच्या प्राचीन प्रसूतिशास्त्रावर.

दुसरी वाट इंग्रजी शिक्षणाची. १८४५ मध्ये मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झालं. पुढे तिथे मराठीतूनही वर्ग चालले आणि सखाराम अर्जुन यांच्यासारख्या डॉक्टरांनी मराठीत वैद्यक लिहिलं. 

तिसरी वाट बीडची खास. १९४८ पर्यंत बीड निजामाच्या राज्यात होतं, आणि त्या राज्यात युनानी वैद्यकाला राजाश्रय होता. युनानी म्हणजे यवनांची, ग्रीकांची. या शास्त्रात ‘इख्तिनाक-उर-रहम’ नावाचा आजार आहे. रहम म्हणजे गर्भाशय, इख्तिनाक म्हणजे घुसमट. हिपॉक्रॅटिसच्या वैद्यांची तीच घुसमट, इब्न सीनाच्या अरबीतून हैदराबादच्या तिब्बी शिक्षणापर्यंत पोहोचलेली. उद्या कुणी म्हणेल की ग्रीकांच्या त्या कल्पनेमुळे बीडमध्ये पिशव्या निघाल्या, तर ते खोटं ठरेल. इतिहास असा सरळ चालत नाही. पण ज्या भूमीवर ही कल्पना एकदा येऊन गेली, तिथेच ती शस्त्राच्या रूपानं पुन्हा दिसावी, हे नोंदवल्याशिवाय राहवत नाही.

शस्त्राची गोष्ट एकोणिसाव्या शतकातली. १८५३ मध्ये अमेरिकेतल्या लोवेल गावात वॉल्टर बर्नहॅमनं पोट उघडून गर्भाशय काढलं आणि रुग्ण वाचली. भूल आली, जंतुनाशकं आली, आणि तोवर मृत्यूचं दार असलेली ही शस्त्रक्रिया शक्य कोटीत आली. गर्भाशयाच्या कर्करोगानं, मोठ्या गाठींनी, न थांबणाऱ्या रक्तस्रावानं मरणाऱ्या असंख्य बायका तिनं वाचवल्या आहेत, आजही वाचवते. हे आधी म्हटलंच पाहिजे. पण शस्त्र सुरक्षित झालं तेव्हाच ते जुन्या आळाच्या हातीही लागलं. १८७२ मध्ये जॉर्जिया राज्यातल्या रॉबर्ट बॅटीनं पाळीच्या वेळच्या तक्रारींवर आणि झटक्यांवर उपाय म्हणून बीजकोश काढायला सुरुवात केली. पुढच्या काही दशकांत अमेरिकेत आणि युरोपात हजारो बायकांचे धडधाकट बीजकोश ‘हिस्टेरिया’च्या, म्हणजे ‘हिस्टेरा’वरूनच नाव पडलेल्या त्या जुन्या आजाराच्या, नावाखाली काढले गेले. विसाव्या शतकात ती लाट ओसरली. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या अधिकृत सूचीतून ‘हिस्टेरिया’ हे निदान हटलं ते १९८० मध्ये.

आता बीडकडे. बालाघाटच्या डोंगररांगांवरचे पाटोदा, शिरूर कासार, आष्टी, धारूर, वडवणी हे तालुके पावसाच्या सावलीतले. पश्चिम महाराष्ट्रात १९५० पासून सहकारी साखर कारखाने उभे राहत गेले, तसतशी तोडणीला माणसं लागू लागली. १९७२ च्या दुष्काळानंतर बीडची गावंच्या गावं दिवाळीच्या सुमारास रिकामी व्हायला लागली. मुकादम उचल, म्हणजे आगाऊ पैसे, देतो ती जोडप्याला. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. हिशोब कोयत्याचा, उचल नवऱ्याच्या नावावर, आणि बाईचं नाव बहुधा कुठल्याच कागदावर नाही. एक दिवस कामावर गेलं नाही तर खाडा, आणि खाड्याचे पैसे उचलीत वाढतात.

बाई पहाटे उठते, पाणी आणते, भाकरी थापते आणि उजाडायच्या आत फडात. ऊस तोडायचा नवऱ्यानं, साळून मोळ्या बांधायच्या आणि डोक्यावरून गाडीत भरायच्या तिनं. मोळी तीस-चाळीस किलोची. फडात आडोसा नाही, संडास नाही, धुवायला पाणी नाही. पाळीत कापड, तेच पुन्हा पुन्हा, नीट न वाळलेलं. राहायच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, अंघोळीची जागा नाही. लघवीला जायला लागू नये म्हणून पाणी कमी प्यायचं. चौदा-पंधराव्या वर्षी लग्न, विशीत दोन-तीन मुलं, मग नसबंदी. याचा हिशोब काही वर्षांत शरीर मांडतं: अंगावरून पांढरं जाणं, ओटीपोटात दुखणं, कंबर धरणं, कुणाचं अंग बाहेर येणं. यातलं बरंचसं जंतुसंसर्गाचं, औषधानं बरं होण्याजोगं. पण हंगामात दवाखाना म्हणजे खाडा. म्हणून गावी परत आल्यावर खासगी दवाखाना, सोनोग्राफी, आणि तिथे ‘पिशवीला सूज आहे’, ‘पिशवी खराब झाली, कॅन्सर होईल’ हे ऐकणं. कितीतरी बायकांनी हेच शब्द पत्रकारांना आणि समित्यांना सांगितले आहेत. मुलं झालेली, पाळीचा खाडा परवडत नाही, त्यात कॅन्सरची भीती. ती हो म्हणते. त्या ‘हो’ला संमती म्हणायला मी तयार नाही.

एप्रिल २०१९ मध्ये ‘हिंदू बिझनेसलाइन’नं वंजारवाडीसारख्या गावांतल्या गर्भाशय काढलेल्या बायकांचं वार्तांकन केलं आणि जे गावागावात माहीत होतं ते देशभर कळलं. जूनमध्ये तत्कालीन आरोग्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी विधिमंडळात सांगितलं की बीड जिल्ह्यात तीन वर्षांत ४,६०५ गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रिया झाल्या. विधान परिषदेच्या उपसभापती डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. त्यानंतरच्या पाहणीत जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची विचारपूस झाली; त्यांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. सहा जणींमागे एक. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१५-१६ च्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांत हे प्रमाण ३.२ टक्के होतं, महाराष्ट्रात २.६ टक्के.

शस्त्रक्रियेनं काय झालं, तेही समितीपुढे आलं. अनेकींच्या तक्रारी थांबल्या नाहीत: कंबरदुखी, सांधेदुखी, अंगाची आग, झोप न लागणं. तिशी-पस्तिशीत गर्भाशय गेलं, त्याबरोबर बीजकोशही काढले असतील तर हाडं ठिसूळ व्हायला वेळ लागत नाही. त्या हाडांवर पुढच्या हंगामात तीच मोळी. शस्त्रक्रियेचा खर्च बहुतेक वेळा मुकादमाकडून उचलून भागवलेला, म्हणजे काम सुटण्याऐवजी आणखी घट्ट बांधलं गेलं. इजिप्तच्या वैद्यानं डोळ्यांचं दुखणं गर्भाशयाच्या नावावर टाकलं, तिथे रुग्णाचं नुकसान गाढवाच्या काळजावर भागलं होतं. इथे आळ घेतल्यावर शिक्षा अमलात आली.

सरकारनं काही पावलं उचलली. बीडमध्ये खासगी दवाखान्यांना गर्भाशय काढण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी बंधनकारक झाली. केंद्रीय आरोग्य मंत्रालयानं २०२२ मध्ये अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. बिहार, छत्तीसगड आणि राजस्थानमधल्या अशाच प्रकारांवर डॉ. नरेंद्र गुप्ता यांनी केलेल्या जनहित याचिकेत सर्वोच्च न्यायालयानं ५ एप्रिल २०२३ रोजी सगळ्या राज्यांना त्या सूचना तीन महिन्यांत लागू करायला सांगितलं. मार्च २०२४ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’नं या उसापासून होणारी साखर कुठल्या कंपन्यांपर्यंत जाते याचा शोध घेतला आणि बीडचं नाव जगभर पोहोचलं.

परवानगीच्या नियमानं शस्त्रावर चाप बसतो. ज्या कारणानं बाई दवाखान्याच्या पायरीपर्यंत येते त्यावर तो बसत नाही. फडाजवळ संडास आणि धुवायला पाणी, हंगामात कोप्यांपाशी येणारी आरोग्यसेविका, पाळीतल्या आणि आजारपणातल्या दिवसाचा खाडा बंद, आणि कारखान्याच्या कागदावर बाईचं स्वतःचं नाव, मजुरीसकट: ऊसतोड महिलांच्या संघटनांच्या मागण्या याच आहेत. यातली एकही मागणी डॉक्टरनं पुरवायची नाही. ती पुरवायची आहे कारखान्यानं आणि सरकारनं, आणि तिचा खर्च साखरेच्या भावातून निघायला हवा.